विज्ञान-गणिताचा मेंटॉर: तो काय करतो आणि काय करत नाही

जून लागला की पुण्यातल्या शाळांच्या पालकगटांवर आणि हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांमधल्या स्वयंसेवकांच्या गटांवर एकाच अर्थाचे निरोप फिरू लागतात: सहावी ते नववीच्या मुलांसाठी विज्ञान-गणिताचे मेंटॉर हवेत, आठवड्यातून दीड तास. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये 50,000 अटल टिंकरिंग लॅब उभारायची घोषणा झाली, त्यामुळे हा शब्द आता आणखी कानावर पडणार. अटल लॅब म्हणजे सहावी ते बारावीच्या मुलांनी हातानं वस्तू बनवून पाहाव्यात म्हणून शाळेला मिळालेली खोली. तिच्यात हत्यारं, सेन्सर, थ्रीडी प्रिंटर वगैरे असतं, आणि बाहेरून येऊन मुलांबरोबर बसणाऱ्या माणसाची जागा योजनेतच धरलेली आहे.

पालकांचा प्रश्न साधा असतो. शाळा आहे, क्लास लावलाय, यूट्यूब आहे, मग हा आणखी कोण? मेंटॉर व्हायला निघालेल्या माणसाचा प्रश्नही तितकाच साधा असतो: तिथं जाऊन मी नेमकं करायचं काय? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, पण ते नीट उलगडून सांगायला हवं.

शिक्षक, क्लास आणि मेंटॉर

शिक्षकाला चाळीस-पन्नास मुलांना घेऊन धडे संपवायचे असतात. क्लासला परीक्षेतले गुण दाखवायचे असतात. दोन्ही कामं महत्त्वाची आहेत आणि दोन्हींत घड्याळ पाठीशी लागलेलं असतं. मेंटॉरच्या मागे ते घड्याळ नसतं. एका मुलाबरोबर किंवा चार-पाच मुलांच्या गटाबरोबर, ठरलेल्या वारी, निदान वर्षभर बसणारा मोठा माणूस म्हणजे मेंटॉर. त्याच्यापुढे चुकायची भीती वाटत नाही आणि प्रश्न विचारला तर 'हे सिलॅबसमध्ये नाही' असं ऐकावं लागत नाही. मराठीत मार्गदर्शक म्हणता येईल, पण त्या शब्दानं व्यासपीठ आणि हारतुरे डोळ्यांपुढे येतात. मुलं आपली दादा किंवा ताई म्हणतात. कामाला ते नाव जास्त शोभतं.

गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला रिकामा डबा बांधतात. डबा हात-पाय मारत नाही, फक्त बुडू देत नाही. पाणी कापायचं काम मुलाचंच. डबा कधी सोडायचा हे शिकवणाऱ्याला कळावं लागतं. आधी सोडला तर मूल घाबरतं, सोडलाच नाही तर पोहणं येत नाही. लेव व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं 1930 च्या दशकात हीच गोष्ट शिकण्याबद्दल मांडली. प्रत्येक मुलाचा एक पट्टा असतो. त्या पट्ट्यातलं काम त्याला एकट्याला जमत नाही, पण जोडीला जाणतं कुणी असलं की जमतं. मेंटॉरचं सगळं काम त्या पट्ट्यात चालतं. पट्ट्याच्या अलीकडचं काम दिलं तर मूल कंटाळतं, पलीकडचं दिलं तर गप्प बसतं.

"पण आमच्या मुलाला आवडच नाही"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि त्यात क्रम उलटा लागलेला असतो. आवड असेल तर मूल समजून घेईल, असं आपण धरून चालतो. बहुतेक मुलांच्या बाबतीत आधी काहीतरी स्वतः उमगतं आणि आवड त्याच्या मागून येते. ज्या मुलानं आयुष्यात एकदाही 'हे मी शोधून काढलं' असं अनुभवलेलं नाही, त्याला विज्ञानाची आवड कशाची लागणार? ते आतापर्यंत फक्त दुसऱ्यांची उत्तरं वहीत उतरवत आलेलं असतं.

म्हणून मेंटॉरनं प्रेरणादायी भाषणानं सुरुवात करू नये. कलामांची आणि रामन यांची गोष्ट मुलांनी ऐकलेली असते, ती ऐकून टाळ्याही वाजवलेल्या असतात. त्यांना हवा असतो एक छोटा, खरा प्रश्न, ज्याचं उत्तर त्या खोलीत, त्या दिवशी, त्यांच्या हातून निघू शकेल.

एका शनिवारचे दीड तास

पहिल्या महिन्यासाठी लंबकाइतकं चांगलं काम क्वचितच सापडेल. सामान शंभर रुपयांच्या आतलं आहे: जाड शिवणाचा दोरा, एकसारखे आठ-दहा नट (रविवार पेठेतल्या बोहरी आळीत किलोवर मिळतात, पण कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातले चालतील), मीटरची टेप, तारेचा एक आकडा आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच. दोरा बांधायला बाकाची कड किंवा खिडकीचा गज. लंबक एका टोकापासून निघून पुन्हा त्याच टोकाला आला की एक फेरा झाला. त्या एका फेऱ्याला लागणाऱ्या वेळेला दोलनकाल म्हणतात.

प्रश्न मांडायचा तो असा: एक नट बांधला आणि मग तीन बांधले, तर लंबक जोरात हलेल, हळू हलेल की तसाच? हात लावण्याआधी प्रत्येकानं आपला अंदाज वहीत लिहायचा, कारणासकट. ही पायरी गाळू नये. अंदाज लिहिला नाही तर निकाल लागल्यावर प्रत्येकाला वाटतं, आपल्याला हे माहीतच होतं. बहुतेक मुलं लिहितात की जड लंबक जोरात जाईल.

मग मोजणी, आणि इथून पुढे जे बिघडतं तेच खरं शिक्षण.

पहिला घोळ मोजण्यात होतो. मुलं नट सोडतानाच 'एक' म्हणतात. मग 'दहा' म्हणेपर्यंत फेरे नऊच झालेले असतात. एक मीटर दोऱ्याला दहा फेऱ्यांना साधारण 20.1 सेकंद लागायला हवेत, पण अशा गटाला 18.1 मिळतात. शेजारच्या गटाशी आकडा जुळत नाही आणि वाद होतो. तो होऊ द्यावा. सोडताना 'शून्य' म्हणायचं असतं, हे त्यांचं त्यांना सापडायला दहा मिनिटं लागतात. आपण सांगितलं तर दहा सेकंद लागतात आणि पुढच्या आठवड्यात ती चूक पुन्हा होते.

दुसरा घोळ जास्त फसवा आहे. तीन नट लावताना मुलं ते एकाखाली एक ओवतात. त्यानं लंबकाची लांबी नकळत वाढते, कारण ती टांगलेल्या जागेपासून वजनाच्या मध्यापर्यंत धरायची असते, दोऱ्याच्या गाठीपर्यंत नाही. दोरा 25 सेंटिमीटर असेल आणि नटांचा मध्य दीड सेंटिमीटर खाली गेला, तर दहा फेऱ्यांची वेळ 10.0 वरून 10.3 सेकंदांवर जाते. मूल आनंदानं लिहितं, 'वजन वाढलं की वेळ वाढते.' निष्कर्ष चुकीचा आहे, पण मोजणी प्रामाणिक आहे, आणि मेंटॉरची कसोटी नेमकी इथं लागते. 'चूक' म्हणायचं नाही. विचारायचं, "नट वाढवताना आणखी काय काय बदललं?" मग तारेचा आकडा आणि नट पुढे ठेवायचे. तिन्ही नट आकड्याला शेजारी-शेजारी लटकवले की मध्य तिथंच राहतो आणि वेळही तीच येते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशास्त्राचा पाया. वर्षानुवर्षं पुस्तकात वाचूनही तो अंगी लागत नाही, या आकड्याच्या निमित्तानं लागतो.

तिसरी अडचण झोक्याची. हौसेनं नट खूप वर नेऊन सोडला, दोरा उभ्या रेषेपासून 60 अंशांपर्यंत, तर एक मीटरच्या लंबकाला दहा फेऱ्यांत सेकंदभर तरी जास्त लागतो. म्हणून 15 अंशांच्या आत ठेवायचं, म्हणजे मीटरभर दोऱ्याला साधारण एक वीत. नट बाजूला ढकलायचा नाही, नुसता सोडायचा. ढकलला तर तो गोल गोल फिरायला लागतो.

यानंतर लांबी बदलायची: 25, 50, 75, 100 सेंटिमीटर. दहा फेऱ्यांचे आकडे 10.0, 14.2, 17.4 आणि 20.1 च्या आसपास येतात. बोट दाबायला लागणाऱ्या वेळामुळे दोन-तीन दशांश इकडेतिकडे होणारच, त्याबद्दल मुलाला ओशाळं वाटू देऊ नये. मुलं आधी म्हणतात, लांबी वाढली की वेळ वाढते. बरोबर. किती? दुप्पट लांबीला दुप्पट वेळ? नाही, 10 चे 14 च झाले. मग दुप्पट वेळ कधी झाली? कुणीतरी टेबलावर बोट ठेवतं: 25 ला 10, 100 ला 20. चौपट लांबीला दुप्पट वेळ. सातवी-आठवीचं मूल असेल तर वर्गमूळ हा शब्द इथं आपोआप येतो. वहीतल्या वर्गमुळाला काहीतरी काम असतं, हे त्याला पहिल्यांदा दिसतं.

पुढे-मागे 'लंबकाचं सूत्र' धड्यात येईल तेव्हा ते ओळखीचं असेल. मेंटॉरनं ते या दिवशी फळ्यावर लिहू नये. मोह फार होतो.

गप्प बसायचं तरी किती?

अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांमधल्या संभाषणांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते आणि मग स्वतः उत्तर देत किंवा दुसऱ्या मुलाकडे वळत. तीन सेकंद थांबायची सवय लावली, तेव्हा मुलांची उत्तरं लांब झाली, 'माहीत नाही' कमी झालं आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलायला लागली. तीन सेकंद वाचायला काहीच वाटत नाहीत. मुलासमोर बसून मनात मोजून पाहा. नवख्या मेंटॉरला ते असह्य होतात, विशेषतः जो स्वतः हुशार आहे त्याला.

'गणित कच्चं आहे' म्हणजे नेमकं काय कच्चं आहे?

विज्ञानात प्रयोग मांडता येतो, गणितात मूल आधीच दार लावून बसलेलं असतं. आठवीचं मूल बीजगणितात अडतंय असं दिसतं, पण खणत गेलं तर खड्डा चौथी-पाचवीत सापडतो. ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर' च्या 2024 च्या अहवालात आठवीच्या निम्म्याहून कमी मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता आलं. शहरातल्या शाळेत हा प्रश्न नसेल, असं समजून चालू नये.

म्हणून पहिल्या दोन-तीन भेटींत खड्डा शोधायचा. परीक्षा घेऊन नाही, 'हे कसं केलंस ते मला सांग' असं म्हणून. एक नमुना पाहू. अर्धा अधिक एक तृतीयांश किती? मूल लिहितं, दोन पंचमांश. अंशात अंश मिळवले, छेदात छेद. हे आळसानं झालेलं नाही. त्याला अपूर्णांक म्हणजे वर एक आणि खाली एक अशा दोन वेगळ्या संख्या वाटतात, आणि त्या समजुतीत त्याचं उत्तर अगदी तर्कशुद्ध आहे. लसावि काढायची रीत पुन्हा घोकून घेतली तर रीत येईल, समजूत तशीच राहील.

त्याऐवजी विचारावं: "ताटात अर्धी भाकरी आहे. आईनं वर आणखी एक तुकडा वाढला. आता ताटात अर्ध्याहून कमी असेल की जास्त?" जास्त. "दोन पंचमांश अर्ध्याहून कमी की जास्त?" इथं थोडा वेळ जातो. पाचचा अर्धा अडीच, दोन त्याहून कमी. म्हणजे वाढल्यावर भाकरी कमी झाली! मूल स्वतःच म्हणतं, काहीतरी चुकलंय. मग चौकटीच्या वहीच्या कागदाची 12 चौकटी लांबीची पट्टी कापायची. तिचा अर्धा भाग 6 चौकटी, तिसरा भाग 4 चौकटी, मिळून 12 पैकी 10. पट्टी बाराचीच का घेतली, दहाची घेतली तर काय झालं असतं, हा पुढचा प्रश्न. दहाचे तीन समान भाग चौकटीवर पडत नाहीत. लसावि कशासाठी लागतो ते तिथं दिसतं.

आणखी एक खड्डा भाषेचा असतो, त्याकडे फार कमी मेंटॉरांचं लक्ष जातं. सेमी-इंग्रजीच्या वर्गात गेलेल्या मुलाला कालपर्यंत अंश आणि छेद होते, आज न्यूमरेटर आणि डिनॉमिनेटर झाले. लसाविचा एलसीएम झाला. मूल गणितात अडलंय की शब्दात, हे वेगळं करून पाहावं लागतं. तोच प्रश्न मराठीत, घरच्या शब्दांत विचारून बघायचा. झटकन उत्तर आलं तर खड्डा गणितात नाही. अशा मुलांसाठी वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखून जोडशब्द लिहीत जाणं हा साधा पण हमखास उपाय आहे. लहान मुलांत संख्यावाचनाचीही हीच गत. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा मोठा गदारोळ झाला. गणित अभ्यास मंडळाच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचा मुद्दा होता की मराठीत एकक आधी बोलला जातो, दशक नंतर, आणि त्यात जोडाक्षरं, त्यामुळे लहान मूल अडखळतं. पंच्याहत्तर ऐकून 57 लिहिणारं मूल पाहिलं की तो मुद्दा ध्यानात येतो.

कौतुक कशाचं करायचं

"हुशार आहेस!" हे तोंडातून सहज निघतं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 साली पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. पहिली कोडी सुटल्यावर काही मुलांच्या हुशारीचं कौतुक केलं, काहींच्या मेहनतीचं. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेली मुलं लवकर खचली, आणि नंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. हुशारीचा शिक्का बसला की तो जपावा लागतो, आणि जपायचा सोपा मार्ग म्हणजे अवघड कामाला हातच न लावणं. म्हणून केलेल्या गोष्टीचं नाव घेऊन कौतुक करावं: "आकडा जुळेना तेव्हा तू पुन्हा मोजलंस, ते बरं केलंस."

मुलींच्या बाबतीत हे दुप्पट सांभाळावं लागतं. लिन बियान आणि सहकाऱ्यांचा 2017 चा अभ्यास अमेरिकेतला आहे. त्यात 'फार फार हुशार' माणूस बाई असेल असं पाच वर्षांच्या मुली, मुलगे पुरुषाबद्दल म्हणत तितक्याच वेळा, म्हणत होत्या; सहाव्या-सातव्या वर्षी ते कमी झालं होतं. आपल्या गटात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची: स्टॉपवॉच आणि स्क्रू ड्रायव्हर कुणाच्या हातात आहे, आणि वहीत आकडे लिहायचं काम कुणाकडे गेलंय. काही न बोलता सोडलं तर मुलगे हत्यारं घेतात आणि मुली लिहितात. दर वीस मिनिटांनी कामं फिरवली की हे मोडतं. गटाला आठवड्यातून एकदा तरी ताई भेटावी, नुसते दादा नसावेत.

मार्क वाढतील का?

पहिल्या सहामाहीत वाढतीलच असं कुणी सांगत असेल तर सावध राहावं. डेव्हिड ड्यूबॉइस आणि सहकाऱ्यांनी 2011 साली 73 मेंटॉरिंग कार्यक्रमांच्या मूल्यमापनांचा एकत्रित आढावा घेतला. अभ्यास, वागणूक, मनःस्थिती अशा अनेक बाजूंनी फायदा दिसला, पण तो माफक होता. ज्यांना पुढच्या महिन्यात भागाकार यायला हवा, त्यांनी भागाकारच रोज वीस मिनिटं शिकवावा, त्याला मेंटॉर लागत नाही. मेंटॉरमुळे बदलतं ते वेगळं आहे: मूल उत्तर न येता किती वेळ प्रश्नाबरोबर बसू शकतं, वर्गात हात वर करतं का, दहावीनंतर शाखा निवडायची वेळ आली की 'आपल्याला नाही जमणार' म्हणून आधीच मागे फिरतं का. हे गुणपत्रिकेत एका वर्षात उमटत नाही.

मेंटॉर किती शिकलेला असावा?

पीएचडी असेल तर हरकत नाही, पण अट नको. बारावीपर्यंतचं विज्ञान पक्कं असलेला डिप्लोमाचा विद्यार्थी, निवृत्त फिटर, आयसर या विज्ञानसंस्थेतली संशोधक, बँकेतली अधिकारी, सगळे चालतात. फिटरकाकांना व्हर्नियर हे बारीक मापं घ्यायचं साधन वाचायला शिकवता येतं, ते भल्याभल्यांना येत नाही. 'मला माहीत नाही, चल बघू' हे वाक्य मनापासून म्हणता येणं मात्र लागतंच. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर येत नसताना दडपून काहीतरी सांगितलं की विश्वास एकदाच जातो.

सगळ्यात मोठा घोटाळा: मध्येच सोडून जाणं

जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांचा 2002 चा अभ्यास मेंटॉर होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकानं माहीत करून घ्यावा. मेंटॉर आणि मुलाची जोडी वर्षभर किंवा जास्त टिकली तिथं सर्वाधिक फायदा दिसला. ज्या जोड्या तीन महिन्यांच्या आत मोडल्या, त्या मुलांचा स्वतःबद्दलचा आणि अभ्यासाबद्दलचा विश्वास आधीपेक्षा घसरलेला आढळला. आधीच कुणी लक्ष न दिलेल्या मुलाला कुणीतरी लक्ष देऊन निघून जाणं जास्त लागतं. तीन महिने उत्साह आणि मग ऑफिसची डेडलाइन, असं होणार असेल तर सुरुवातच करू नये. मनात अपराधीपणाही नको. त्याऐवजी एकदाच येऊन टेलिस्कोप दाखवावा, ते काम वेगळं आणि चांगलं आहे. फक्त त्याला मेंटॉरिंग म्हणू नये.

बरेचदा माणूस वाईट नसतो, हिशेब चुकलेला असतो. तो मांडून पाहू. पुण्यात शाळा जूनच्या मध्याला सुरू होते. तिथून मार्चअखेरपर्यंत 41 आठवडे. त्यातून पालखी शहरात असते तो एक आठवडा वजा, गणपतीचे दोन, सहामाहीचे दोन, दिवाळीचे तीन, स्नेहसंमेलन आणि त्याच्या सरावाचे दोन, वार्षिक परीक्षेच्या तयारीचे तीन. उरले 28. त्यातले चार मेंटॉरचं आजारपण, शाळेला अचानक मिळालेली सुट्टी आणि पावसात अडकलेली बस यांत जातात. हातात 24 भेटी, दीड तासानं 36 तास. ज्यानं चाळीस भेटींचा आराखडा केला, तो नोव्हेंबरात निराश होतो. चोवीसचाच आराखडा करावा, आणि प्रत्येक गटाला दोन मेंटॉर द्यावेत, म्हणजे एकाची दांडी झाली तरी मुलं दारात ताटकळत नाहीत.

जागाही विचारपूर्वक ठरवावी. जनता वसाहतीतल्या मुलाला पाषाणला बोलावलं तर दोन बस बदलून येण्यातच त्याचा शनिवार जातो. मेंटॉरनं शाळेत जावं. तो नियम मोडायचा असेल तर बसभाड्याची आणि सोबतीला येणाऱ्या मोठ्या माणसाची सोय आधी करावी.

सुट्टीतही चालू राहील असं काम

भेटी तुटक असल्या तरी प्रश्न चालू राहिला पाहिजे. पुण्याच्या पावसाळ्यात त्यासाठी पर्जन्यमापकासारखं दुसरं काही नाही. सरळ भिंतीची, कंबर नसलेली दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी, वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवावा. बाटलीचा तळ खडबडीत असतो, म्हणून खडे टाकून भिंत सरळ होते तिथपर्यंत पाणी भरावं. ती शून्याची रेघ. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. बाटलीचं कापलेलं तोंड आणि पोट सारख्याच रुंदीचं असल्यामुळे आतला एक मिलिमीटर म्हणजे पावसाचा एक मिलिमीटर, म्हणजेच दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. वाऱ्यानं आडवी होऊ नये म्हणून बाटली वाळूच्या कुंडीत रोवावी. भिंतीपासून निदान भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवावी, झाडाखाली किंवा पन्हाळीखाली तर नकोच.

रोज सकाळी साडेआठला आकडा वाचायचा, कारण हवामान खातंही 24 तासांचा पाऊस साडेआठलाच मोजतं. वाचून झालं की पाणी पुन्हा शून्याच्या रेघेवर आणायचं. खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या चौकाला आजही सिमला ऑफिस म्हणतात. तिथला आकडा बातम्यांत येतो. कात्रजच्या मुलीचा 22 आणि शिवाजीनगरचा 6 निघाला की ती म्हणते, माझा चुकला. चुकला नसेल. पाऊस गल्लीगणिक बदलतो, हे तिला तिच्या वहीतून कळू द्यावं. सप्टेंबरपर्यंत शंभरावर नोंदी जमतात, आणि सरासरी व आलेख शिकवायला पुस्तकातली खोटी उदाहरणं लागत नाहीत.

आणि मूल सुरक्षित आहे ना?

हा प्रश्न पालकांनी विचारायलाच हवा, आणि विचारला म्हणून कुणी दुखावून घेऊ नये. बंद दाराआड एक मोठा माणूस आणि एक मूल असं कधीही बसायचं नाही. खोली उघडी, शाळेतलं कुणी जवळपास. शाळेनं ओळखपत्र आणि पोलिस पडताळणी मागावी. पालकांची लेखी संमती घ्यावी. निरोप शाळेच्या किंवा पालकांच्या नंबरवरून जावेत, मुलाच्या खासगी मोबाइलवर नाहीत. फोटो विचारल्याशिवाय टाकू नयेत. मुलानं त्रासाबद्दल काही सांगितलं आणि ते लैंगिक अत्याचाराचं असेल, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'आपण आपसांत बघू' याला तिथं जागा नाही.

पुण्यात काय काय हाताशी आहे

आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारातली, मुलांसाठीची मुक्तांगण विज्ञान शोधिका, पाषाणला आयसर, गणितात पुढे जाऊ पाहणाऱ्यांसाठी प्रा. श्रीराम अभ्यंकरांनी 1976 साली स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान, आकाशदर्शनाला 1944 पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था, चिंचवडला सायन्स पार्क. 28 फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांपैकी काही जवळून पाहता येतात. अरविंद गुप्तांची टाकाऊतून बनवायची खेळणी त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. एलईडी, सेल-होल्डर, छोट्या मोटारी पासोड्या विठोबाच्या मंदिराच्या आसपासच्या दुकानांत सुट्या मिळतात.

पण सहल आधी नको. लंबक केलेलं, पाऊस मोजलेलं मूल अशा ठिकाणी गेलं की मार्गदर्शकाला अडवून प्रश्न विचारतं. काहीच न केलेलं मूल सेल्फी काढून परत येतं. सहल डिसेंबरनंतर ठेवावी. शासनाच्या योजनांकडेही मेंटॉरनं लक्ष ठेवावं: सहावी ते बारावीसाठी इन्स्पायर मानक या मुलांच्या नव्या कल्पनांच्या योजनेत निवडलेल्या कल्पनेला 10,000 रुपये मिळतात, आणि आठवीच्या एनएमएमएस या शिष्यवृत्तीच्या परीक्षेतून निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. दुसऱ्या योजनेचा फॉर्म भरायचा राहून गेला म्हणून हुकलेली मुलं दरवर्षी असतात. तारीख लक्षात ठेवणं हेही दादाचं काम आहे.

वर्ष संपताना

शेवटच्या दोन भेटी मुलांच्या हाती द्याव्यात. त्यांनी पाचवीच्या मुलांना लंबक करून दाखवावा, त्यांच्याकडून अंदाज लिहून घ्यावेत, आणि 'शून्य' म्हणून मोजायला शिकवावं. तेव्हा ती स्वतः उत्तर न सांगता किती वेळ थांबतात, ते मागच्या बाकावरून बघावं.

निरोप आधी सांगून घ्यावा, अचानक नको. आणि पुढच्या वर्षी जो कुणी येईल त्याच्यासाठी प्रत्येक मुलामागे तीन ओळी लिहून ठेवाव्यात: कुठे अडतं, कशात रमतं, आणि कोणता प्रश्न अर्धा राहिला. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. 'पाच मजल्यांच्या गच्चीवरून दोरा सोडला तर एका फेऱ्याला किती वेळ लागेल, असं तिनं विचारलं होतं. अंदाज वहीत लिहिलाय. गच्चीची किल्ली मिळाली नाही.' जूनमधला पहिला शनिवार त्या किल्लीपासून सुरू करावा.